गुलाबी पाण्यात मेलेली लस

अहो,

थर्मासात बर्फ घेऊन मी सांगलीला निघाले आहे, कोंबड्यांच्या मानमोडीची नवी लस आणायला. पिल्लांच्या पाण्यात कालवलेली लस तुमच्या खिशातल्या पोटॅशियम परमँगनेटने मेली. मी अंघोळीला गेले तेवढ्यात सगळं पाणी गुलाबी! वर म्हणता, "पलटणीत आमी असंच पाणी शुद्ध करायचो." करत असाल. पण लसीत त्या रोगाचाच विषाणू असतो, मवाळ केलेला, पण जिवंत. तो अंगात वाढला तरच पिल्लांना पुढे खरा रोग ओळखता येतो. तुम्ही त्याचाच काटा काढलात!

आकारामभाऊजी टेट्रासायक्लिनची पुडी आणून म्हणतील, "घाला बिनघोर." घालू नका. तीच घालूनही त्यांचे दोनशे पक्षी मानमोडीत माना मुरगळून मेले. ती पुडी जिवाणूंवर चालते. जिवाणूचा स्वतःचा संसार असतो, तो औषधाने मोडता येतो. विषाणू दुसऱ्याच्या पेशीत घुसून तिच्याकडूनच आपली पिलावळ वाढवून घेतो. त्याचा मोडायला संसारच नाही.

एक वाजता पाण्याची भांडी उचलून साध्या पाण्याने धुवा. पिल्लं ओरडतील, तरी पाणी दाखवू नका. तहानलेली असली तरच लस पटापट पितात.

इतकी वर्षं तुम्ही सुट्टीपुरते यायचात, शेड मीच सांभाळली. आता कायमचे आलात, तर हात लावावासा वाटणारच. तीन वाजता माझ्यासमोर लस तुम्हीच कालवा. फक्त येताना खिसे रिकामे करून या.

इंदुमती