ओसरीवरून ऊठ

प्रिय जुमादिल,

आणि हो, मी दगडच आहे. तू दहादा म्हणालास, आता तुझ्या मावशीचाही निरोप आला की साहरिमला मलेशियाचा वारा लागला, त्याला काळीज उरलं नाही. असू दे. पण मग दगडाला दिवसभर फोन करून रडतोस कशाला? परवा मी इथे मळ्यात तेलाच्या ताडाखाली उभा होतो, लांब दांडीचा कोयता वर अडकवलेला, घड सुटायच्या बेतात, आणि खिशात तुझा फोन थरथरायला लागला. लक्ष गेलं आणि मणभर वजनाचा घड माझ्या टाचेमागे येऊन आदळला. सोबत घड तोडणारा माहनेप ओरडला, अरे मरशील, कोणाची बायको एवढे फोन करते? मी म्हटलं, बायको नाही, मित्र आहे. तो म्हणाला, मग त्याच्याशीच निकाह लाव, आमची तरी सुटका होईल. सगळे हसले. मीही हसलो, पण त्या दिवशी तुझा नंबर बंद करून टाकला.

म्हणून हे पत्र. फोनवर तू रडतोस आणि मी विरघळतो, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. कागदावर तुला मध्येच रडता येणार नाही. मी चौथीपर्यंतचा माणूस, अक्षर वाकडंतिकडं आहे. नाही लागलं तर वाडीप्रमुखांकडून वाचून घे. नाहीतरी आपली गोष्ट आता सगळ्या वाडीला ठाऊक आहे.

तुला माझ्याकडून एकच शब्द हवाय. बाप गेल्यापासून रुमिसाचा वली मी, आणि भावाने 'हो' म्हटल्याशिवाय तिचा निकाह लागत नाही. चार वर्षं या मळ्यातून त्या मळ्यात भटकलो, कुठेच जीव रमला नाही, कोणी मला कशाबद्दलच विचारलं नाही. आणि आता अख्खं गाव माझ्या एका शब्दासाठी खोळंबलंय. आईसुद्धा. म्हणते, बाळा, देऊन टाक रे, पोर इतका जीव लावतो.

जीव लावतो, हे मीसुद्धा म्हणायचो. तू आमच्या ओसरीवर यायला लागलास तेव्हा मी इथे सोबत्यांना अभिमानाने सांगितलं होतं की माझा दोस्त माझ्या बहिणीला मागायला येतो, संध्याकाळचा, रीतीने, धुतलेली लुंगी नेसून. आई कॉफी द्यायची, रुमिसा दारापाशी बसायची, बोलणं व्हायचं. सगळं रीतीप्रमाणे. मग तो हामदी आला. तंबाखूच्या गोदामात कामाला असतो तो. आता तूच सांग, रीत काय आहे? दुसरा पाहुणा आला की आधीच्याने चार शब्द बोलून उठायचं. मुलगी सगळ्यांशी बोलते आणि मग तिचं ती ठरवते. आपले बाप असेच उठले, आजे असेच उठले. तू उठला नाहीस. कपाच्या तळाशी घोटभर कॉफी ठेवून बसून राहिलास. हामदी बिचारा आईशी पावसापाण्याच्या गप्पा मारून गेला. आणखी एकदा आला, तू तसाच. त्यानंतर कोणीच आलं नाही. वाडीतली पोरं आईला म्हणायची, इनाक साहरिम, तुमच्या ओसरीला जुमादिल नावाचं झाड उगवलंय. आई हसायची. तिला वाटलं, लेकीचं नशीब.

पुढचं मला रुमिसाने तुकड्यातुकड्याने सांगितलं. तक्रार म्हणून नाही, कौतुकाने. तू तिच्या शिवणाच्या दुकानासमोर गाडी लावून बसायचास, अख्खी दुपार. दुकानवाली बाई म्हणाली, याला पण काजं-बटणं शिकवू का, निदान पोटाला तरी कमवील. जेवायला बसली की तिने ताटाचा फोटो पाठवायचा, आणि फोटोत शेजारी कोणाचा हात दिसला तर तो कोणाचा ते सांगायचं. एकदा नमाज पढताना तिने फोन उचलला नाही, तर तू दारात हजर. मग तू स्वतःच्या हातावर पेटती सिगारेट टेकवलीस आणि डाग तिला दाखवलास, की बघ, हे तुझ्यामुळे. तिने मलम लावलं. आणि मला हे सांगताना तिचा आवाज असा होता, जुमादिल, जसं काही तू तिला सोन्याचं कानातलं घेऊन दिलंस. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. तुझी नाही, तिची.

तू म्हणशील, तू मला लहानपणापासून ओळखतोस. ओळखतो. तुझी आई सौदीला घरकामाला गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. त्यानंतर तू आमच्याकडेच झोपायचास. झोपताना पतंगाच्या दोऱ्याने माझं मनगट तुझ्या मनगटाला बांधायचास, मी तुला टाकून म्हशी घेऊन जाईन म्हणून. सकाळी माझ्या हाताला मुंग्या आलेल्या असायच्या. मी दातांनी दोरा तोडायचो आणि तू जागा होऊन असा आकांत करायचास की आई मलाच रागवायची, अरे थांब ना त्याच्यासाठी, त्याचं कोण आहे? मी थांबायचो. सगळं लहानपण मी तुझ्यासाठी थांबलो. तुझं दुःख कुठून येतं ते मला माहीत आहे, कदाचित तुझ्यापेक्षा जास्त. पण दुःख माहीत आहे म्हणून त्याला बहीण द्यायची नसते.

आता त्या दिवसाचं. तू गावात सांगत फिरतोस की रुमिसा राजीखुशीने आली, आपल्याकडे नवरा मुलीला पळवूनच आणतो, यात नवीन काय? नवीन नाही. माझ्या बापानेही आईला पळवूनच आणलं. पण आईने आदल्या दिवशी स्वतःची कापडं बांधून शेजारणीकडे ठेवली होती, हे ती अजून लाजत लाजत सांगते. रुमिसाला तू म्हणालास, चल, मीटबॉल खाऊ. ती घरच्या चपलांवर आली. गाडी मीटबॉलच्या हातगाडीपाशी थांबली नाही, थेट तुझ्या मावशीच्या, इनाक मुनेच्या दारात थांबली. आणि तिथे मावशीने सून आली म्हणून तिच्या डोक्यावर पदर घातला. वाडीप्रमुख आले, रीतीचा प्रश्न विचारला, पोरी, तू आपल्या मर्जीने आलीस ना? ती खाली मान घालून गप्प बसली. आपल्याकडे मुलगी गप्प बसली की लाजली म्हणतात आणि लाजली की हो म्हणतात. सगळे हसले, कॉफी आली, आमच्या घरी निरोप गेला. एकाही शहाण्या माणसाच्या मनात आलं नाही की पोर घाबरली की गप्पच बसते.

मग मला फोन लावला. मावशीने तो हातात धरलेला, आवाज मोठा केलेला, मागे तुझा खोकला ऐकू येत होता. मी म्हटलं, रुमि, तुला हे हवंय का? ती म्हणाली, दादा, आपण म्हणाल तसं. जुमादिल, या पोरीने जन्मात मला 'आपण' म्हटलेलं नाही. मी विमानतळावर निघालो तेव्हा सगळे रडत होते आणि ही म्हणाली होती, तू नीघ, तुझं नाक गळतंय, लोक बघतायत. आमच्या घरात 'आपण' फक्त इमामांना म्हणतात आणि वसुलीवाल्याला. मी फोन ठेवला आणि लगेच मामाला लावला. मामाला म्हटलं, आत्ताच्या आत्ता जा आणि तिला घेऊन ये. मामा म्हणाला, अरे, एकदा त्या घरात शिरलेली पोर परत आणायची? तोंड कुठे दाखवायचं? मी म्हटलं, तुझं तोंड चार लोक बघतील, तिला त्या घरात जन्म काढायचाय.

मामा गेला. भर दुपारी, मशिदीवरून, दुकानांवरून, तिला चालवत घरी आणलं. लोक दारात येऊन उभे राहिले. तुझी मावशी मागून ओरडत होती, परत नेलेल्या पोरीला आता म्हातारा तरी मिळतोय का बघा. ते सगळं रुमिसाने ऐकलं. हे तुझ्या नावावर लिहून ठेव, माझ्या लिहायचं असेल तर तेही लिही.

आणि तू काय केलंस? संध्याकाळी पुन्हा आमच्या ओसरीवर. रोज. रुमिसा बाहेर येत नाही तरी तू बसतोस, आणि आई कॉफी देते, कारण दारात आलेल्याला ऊठ म्हणायचं नसतं. आई म्हणते, वाळला रे पोर, जेवत नाही. तिने वैद्यबुवाकडून मंतरलेलं पाणी आणून रुमिसाच्या उशाशी ठेवलंय, कारण पोर आत बसून तुझ्यासाठी रडते, आणि आईच्या मते तू तिच्यावर काहीतरी टाकलंयस. टाकलं असतंस तर बरं झालं असतं. टाकलेलं उतरवता येतं. मागच्या जुम्म्याला रुमिसाचा मला फोन आला. म्हणाली, दादा, दुपारभर फोन वाजला नाही की मी आहे की नाही तेच मला कळत नाही. पुढे म्हणाली, तो एवढं माझ्यामागे लागतो म्हणजे माझ्यात काहीतरी असेल ना? बाकी कोणाला कधी काही दिसलं? तू हो म्हण, मी जाते. एकोणीस वर्षांची माझी बहीण, अख्ख्या वाडीत तिच्यासारखी शिलाई कोणाची नाही, सासूसासऱ्यांना तोंडावर उत्तरं देईल म्हणून आई जिची काळजी करायची, ती. तू तिच्याभोवती एवढा दाटीने उभा राहिलास की तिला तुझ्याशिवाय दुसरं काही दिसेना, आणि मग त्याला तुम्ही दोघंही प्रेम म्हणायला लागलात. मी त्या दिवशी घड तोडले नाहीत. मुकादमाने मजुरी कापली.

तुला वाटत असेल, एवढं लांबण लावतोय म्हणजे साहरिम शेवटी पाघळणार. म्हणून स्पष्ट लिहितो. माझा 'हो' नाही. उद्या नाही, ईदनंतर नाही, तू उपाशी राहिलास तरी नाही, आणि जिवाचं काही करून घेईन असं पुन्हा बोललास तर ते तिला नाही, वाडीप्रमुखांना आणि तुझ्या आईला कळेल. तुझ्या आईचा सौदीचा नंबर मी मिळवलाय, तिच्याशी बोललोय. ती येतेय. तिच्याजवळ रड, तो हक्क तिच्यावर तुझा आहे. आमच्या ओसरीवरून मात्र ऊठ. आई म्हणणार नाही, म्हणून घरातला पुरुष म्हणून मी इथून म्हणतो.

आता हे पत्र खरं कोणासाठी लिहिलं ते सांगतो. पाकिटात घालायच्या आधी मी हे सगळं फोनवर रुमिसाला वाचून दाखवलं. सिगारेटचं, चपलांचं, सगळं, तिने कौतुकाने सांगितलेलं माझ्या कडू तोंडातून तिलाच ऐकवलं. मध्ये दोनदा म्हणाली, बस कर. मी थांबलो नाही. संपल्यावर ती इतका वेळ गप्प होती की मला वाटलं फोन कट झाला. या वेळी मी तिच्या गप्प बसण्याला हो धरलं नाही आणि नाहीही धरलं नाही, नुसता थांबलो. मग नाक ओढत तिने विचारलं, त्यांनी निकाहासाठी बोकड घेतलाय ना रे, इनाक मुने गावभर त्याची किंमत सांगत फिरतेय, तो केवढ्याला पडला? मी सांगितलं. ती म्हणाली, त्यांनी निकाहासाठी भरलेल्या तांदूळ-साखरेचे माझ्या शिलाईतून मी देते, बोकडाचे तू पाठव, त्या घराचं आपल्याकडे काही राहायला नको. माहनेप सुट्टीवर येतोय, त्याच्याबरोबर देतोय. वाडीप्रमुखांसमोर मोजून घे आणि बोकडाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

ज्याच्या मनगटावर अजून तुझा हक्क आहे असं तुला वाटतं, तो
साहरिम

सोबत बोकडाचे, पंचवीस लाख रुपिया, माझी पंधरा दिवसांची मजुरी.