मधली जागा

अहो,

तुमचा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. एसीवाले मिस्त्री येऊन गेले. आपल्या जुन्या गाडीत ते एसी पुढेच, डॅशबोर्डखाली मधोमध लावणार होते. मीच आडवी आले. पुढच्या सीटवर आपल्या दोघांच्या मधे बसून लेक तिथेच पाय सोडायची ना! डिकीत लावा म्हटलं. "वहिनी, गारवा पुढे पोचायला वेळ लागेल," म्हणाले. लागू दे, वाट बघायची सवय आहे आपल्याला.

रागावू नका. गाडीतल्या उकाड्याचं निमित्त सांगून ती येत नाही. आता तेही उरणार नाही. तिच्याशी भांडलात तुम्ही, तेव्हा फोनही तुम्हीच करा. मी कीर्तनाला जाते. देवाला माझ्या परीने सांगतेच आहे.

जेवण झाकून ठेवलंय. मधली जागा पुसून ठेवली आहे.