शिकवल्याबिगर सुट्टी नाई

माय, आज सकाळी माह्या सुनेनं मले करपलेले पोहे खाऊ घातले. तू असती तं पोट धरून हसली असती, म्हणून तुले लिहायले बसली.

तुही पोह्याची मिल अजून आरमोरीच्या रस्त्याले तिथीच आहे. धान भिजवायचा, भट्टीत भाजायचा, चक्कीत चेपायचा, सारं तसंच. तुहा कायदाही तसाच चालू आहे. ज्याले सुट्टी पायजे, त्यानं आधी आपलं काम दुसऱ्याले शिकवायचं. "शिकवल्याबिगर सुट्टी नाई," तू म्हणे, मंग कोणी कितीही तोंड वाकडं करो. मोटरवाल्याले सासरवाडीले जायचं होतं, म्हणून चाळणीवाली बाई मोटर चालवायले शिकली. लग्नसराईत तं आपली मिल म्हंजे शाळाच होऊन जाय.

भट्टीवाले भाऊ तेवढे वस्ताद. भाजलेला धान कवा काढायचा, हे त्यायले आवाजावरून कळे, अन् ते कोणाले सांगत नसत. "सारं सांगतलं तं माही काय किंमत राहीन?" म्हणत. त्यायच्या बायकोच्या बहिणीचं लग्न निघालं तवा नाइलाजानं चाळणीवाल्या बाईले शिकवलं, पण अर्धंच, अन् निघून गेले. त्या दिवशीचा घाणा करपला. तू कोणावर ओरडली नाई. भाऊ परत आले तवा चहासंगं त्याच पोह्यायची ताटली त्यायच्या पुढं ठेवली.

"घ्या भाऊ, तुमच्या हातचेच आहेत."

"माह्या हातचे कसे, बाई? मी तं लग्नात होतो."

"शिकवलं तं तुमीच ना."

भाऊनं सारी ताटली संपवली, पाणी पेले, अन् चाळणीवाल्या बाईले घेऊन भट्टीपाशी गेले. "आता तडतड आयक. ही कमी होऊन राह्यली ना, की लगेच धान काढायचा, वाट नाई पाहायची." पुढं भाऊ दर लग्नाले पहिल्या पंगतीत दिसू लागले, अन् किंमत काही कमी झाली नाई त्यायची.

तू स्वतः मात्र कधी सुट्टी घेतली नाई. धानाची खरेदी तुह्याकडं होती. मूठभर दाणे तळहातावर रगडून, एक दाताखाली धरून तू सांगे, याचे पोहे टिकतील का चुरा होईन. तेही तू मले शिकवलं. एक दिवस मी एकटीच बाजारात जाऊन धान घेऊन आली. तू दाणा चावला अन् म्हणाली, "जमलं. आता मले सुट्टी दे." मले हसूच आलं. मालकिणीनं सुट्टी मागावी, तेही पोरीले. तू मार्कंड्याच्या जत्रेले गेली, माह्यासाठी हिरव्या बांगड्या आणल्या. पण मिलमधी काही फिरून आली नाई, अन् त्याच पावसाळ्यात आमाले सोडून गेली. लय राग आला होता मले तुहा, आता सांगते.

आता खरेदी मी सुनेले शिकवून राह्यली. पोट्टी हुशार आहे. परवा तिनं निवडलेला धान माह्यापेक्षा चांगला निघाला. "झालं ना आई? आता तुमी नागपूरले लेकीकडं चार दिवस राहून या," म्हणाली. मी म्हटलं, "अजून थोडं राह्यलं."

"काय राह्यलं?"

"सांगीन."

दिवाळीपासून मी हेच सांगून राह्यली. भट्टीवाल्या भाऊची गोष्टही मीच तिले सांगितली होती, तेवढी अक्कल नाई ठेवली. आज ताटली पुढं आली. "तुमच्या हातचेच आहेत, आई," म्हणे, अन् पदर तोंडाले लावून आत पळाली.

मी सारे खाल्ले. हे पत्र तुले पाठवू कुठी, इथंच राहू दे. तुलेच सांगते माय, तिले शिकवायचं काही राह्यलं नाई. मले सुट्टीचं भेव वाटते.