दारामागच्या खिळ्यावरची पिशवी

बाबा, तुमची दारामागची पिशवी गेल्या महिन्यात मी पहिल्यांदा उघडली. इतकी वर्षं ती गळ्यात अडकवून नुसती पळतच होते.

तुम्ही कारखान्यात सेफ्टीला होता, आणि घर म्हणजे तुमच्या लेखी कारखान्याचंच एक खातं, जरा बेशिस्त. कंपनीत मॉक ड्रिल झालं की पुढच्या रविवारी ते आपल्या ओटीवर व्हायचं. तुमच्या तोंडात शिट्टी, हातात घड्याळ. आई भाकरी थापतेय, भाऊ अंथरुणात आहे, आणि मी, दहा-अकरा वर्षांची, खिळ्यावरची खाकी पिशवी ओढते, ओला रुमाल नाकाला लावते, अंगणात येऊन चिमणीचा धूर कुठे चाललाय ते बघते आणि वाऱ्याला आडवी धावत शाळेचं मैदान गाठते. पिशवीत सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, जन्मदाखले. सगळं प्लॅस्टिकमध्ये घालून, कडा मेणबत्तीवर वितळवून बंद केलेलं. नकलांचा दुसरा गठ्ठा मासवणला आत्याकडे. घर परत बांधता येतं, कागद परत काढायला जन्म जातो, असं तुमचं म्हणणं. आई तव्यावरून नजर न काढता म्हणायची, "पोराला उशी नि पोरीला पिशवी. बरा न्याय हाय." तुम्ही म्हणायचात, "ती जबाबदार हाय." त्या एका शब्दावर मी आठवडाभर ताठ मानेनं चालायचे. एकदा चित्रकलेचं प्रमाणपत्र मी हळूच पिशवीत जायच्या कागदांत सरकवलं, तर सील करण्याआधी तुम्ही ते काढून माझ्या हातात दिलंत. "हा कागद नाय, कौतुक हाय. भिंतीवर लाव." भिंतीवर ते दोन पावसाळ्यांत गेलं.

तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. आता भाऊ आपली चिकूची वाडी विकायला निघालाय. कुणीतरी गोदाम बांधणार आहे म्हणे. विक्रीला माझी सही लागणारच, तेव्हा काय बोलायचं ते मी पाठ करून ठेवलं होतं. 'नाही' हा शब्द मी निरनिराळ्या चालींत म्हणून बघितला होता. सही मागायला कुणी येईना, तरी मी खुशाल. माणसं लाजत असतील, म्हटलं.

त्या दिवशी मी माहेरी होते. दुपारची जेवणं झाली होती. कुंभवलीकडच्या एका कारखान्यात काहीतरी फुटलं, भांडी खणाणली, भोंगा सुरू झाला आणि घशात तिखट वास उतरला. मी पिशवी घेतली, धूर बघितला आणि आडवी पळाले. पंचेचाळीस वर्षांची बाई, बाबा, गुडघे कुरकुरतायत, पण ड्रिल चोख. मैदानात शेजारची काकी म्हणाली, "आयेला कुठं टाकलीस गो?" मी पिशवीकडे बघितलं. आई घरातच राहिली होती.

पाच-सात मिनिटांत भाऊ तिला मोटारसायकलवर घेऊन आला. ती खोकत उतरली, माझ्या गळ्यातली पिशवी बघितली आणि म्हणाली, "कागद वाचले नं? मंग झाला." तुमची बायको शोभते.

पंचायतीचा माणूस नावं लिहून घेत होता. घर नंबर कुणालाच आठवेना. मी पिशवी उघडली आणि घरपट्टीच्या पावतीसाठी दातांनी प्लॅस्टिक फाडलं. पावती सापडली. तिच्या खाली, व्यवस्थित चार घड्या घातलेला, माझा फोटो असलेला एक दस्त होता. हक्कसोडपत्र. वडिलोपार्जित वाडीतला माझा हिस्सा मी राजीखुशीनं, कुणाच्याही दबावाशिवाय भावाच्या नावे सोडला होता. खाली माझी सही, माझा अंगठा. लग्नाच्या महिनाभर आधीची तारीख.

"तुला ठाऊक होतं?" मी आईला विचारलं.

"मला काय ठावं? ते बोलले आंगठा दे, दिला. बघ, पुढच्या पानावर हाय माझा."

होता. साक्षीदार म्हणून. भाऊ मोटारसायकलचा आरसा पुसत म्हणाला, "मला वाटला तूच खुशीनं दिलास, ताई." आणि मला ते खरंही वाटलं, हे अधिक वाईट.

पालघरच्या रजिस्ट्रार ऑफिसातली ती सकाळ मला आठवते. आजोबांच्या वारसनोंदीचं काम हाय, सही पायजे, एवढंच तुम्ही सांगितलं होतंत. वाचल्याशिवाय सही करायची नाही हे मला शिकवणारे तुम्हीच, म्हणून मी कागद पुढे ओढला, तर म्हणालात, "मी वाचलाय नं." बाहेर पडल्यावर मला घड्याळ घेऊन दिलंत. कशाबद्दल, मी विचारलं. "असंच. सासरी येळेवर ऊठ." नवरा, नणंदा, शेजारीपाजारी, सगळ्यांना मी ते मिरवून दाखवलं. आपल्या हक्काच्या बदल्यात मिळालेलं घड्याळ इतक्या हौसेनं मिरवणारी बाई दुसरी नसेल. आणि तुम्हीही काय माणूस! मला फसवलंत, ते समजू शकते. गावातले निम्मे बाप मुलींना असंच फसवतात. पण तो कागद जपायला मलाच लावलंत? लग्नानंतरही माहेरी आले की रविवारी शिट्टी वाजायची, आणि मी साडी खोचून तुमचा पुरावा घेऊन पळायचे. तुम्ही घड्याळ बघून म्हणायचात, "अजून जमतंय हां."

हे पत्र कुठे टाकायचा प्रश्न नाही. भावालाही दाखवणार नाही. वकिलाकडे जाऊन आले. तो म्हणाला, "फसवून सही घेतली असं म्हणता येईल, तुम्हाला काहीच कल्पना नव्हती ना?" मी म्हटलं, विचार करून सांगते. कारण एक गोष्ट त्याला सांगितली नाही, ती तुम्हालाच सांगते. त्या ऑफिसातल्या साहेबांनी मला सरळ विचारलं होतं, काय लिहिलंय ते कळलंय ना, मान्य आहे ना? मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही चटकन वर पंख्याकडे बघायला लागलात. पंखा बंद होता. काहीतरी आहे, हे मला तेव्हाच कळलं, बाबा. आणि मी "हो" म्हणाले.