मधमाश्यांना सांग

व्हर्जिनिया, मार्च १९३१

माझ्या लाडक्या आईस,

तुझी ऑर्फा जिवंत आहे, हे आधी सांगते. मक्याची भाकरी मिळते, पण तुझ्या हातची चव नाही. तुझा खोकला कसा आहे?

शेरीफने मला आणून टाकलं त्या या सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरने माझी अक्कल तपासली. "घरात कुणी मेलं तर आधी कुणाला सांगशील?" मी म्हटलं, "मधमाश्यांना. नाहीतर रुसून पेटी सोडून जातात." बाबा गेले तेव्हा आपण पेट्यांना काळं फडकं बांधून सांगितलंच होतं ना? तो मुडदा डॉक्टर खदाखदा हसला. म्हणाला, "मतिमंद! असलं बियाणं वाढू द्यायचं नाही."

अपेंडिक्स काढायचंय म्हणून मला टेबलाला बांधलं. मी एका नर्सचा अंगठा चावून फोडला, तिने माझे दोन दात पाडले. मग पोट फाडलं. शुद्धीवर आले तेव्हा तीच म्हणाली, "अपेंडिक्सचं नुसतं निमित्त होतं. आता तुला पोरंबाळं व्हायची नाहीत, बये."

माझ्या धाकट्या बहिणीला, डेसीलाही न्यायला शेरीफ आला तर तिला रानात पळव. त्याच्या अंगावर कुत्री सोड, फाडू देत मेल्याला.

आणि आई, पेट्यांना पुन्हा काळं फडकं बांध. मधमाश्यांना सांग, ऑर्फाची लेकरं गेली.

तुझीच,
ऑर्फा