रांजणाचं तोंड आणि माझं तोंड

तीर्थरूप सुंबीताईस,

नदीकाठच्या, एका छपराखाली चोवीस बिऱ्हाडांच्या लांबघराच्या अकराव्या दारातून धाकट्या मिंदूचा वाकून नमस्कार. इकडे सर्व ठीक (ठीक काहीही नाही, पण पत्राची सुरुवात अशीच करायची हे तूच शिकवलंस). तुझे गुडघे कसे आहेत? मिरी शहरातला तो चौथा मजला चढून-उतरून ते उरलेत का? आणि यंदाही तांदळाची दारू, आपली तुआक, मोरीखालच्या प्लास्टिकच्या बादलीतच लावलीस का? राग मानू नकोस, पण गेल्या गवाईला, सुगीच्या सणाला, तू आणलेली तुआक आम्ही केवळ तुझ्या वयाकडे बघून प्यायलो. लांबघराच्या घरप्रमुखाला तर वाटलं, हात धुवायला पाणी दिलंय. धुतलेसुद्धा त्याने.

पत्राचं कारण म्हणजे माझे जावईबापू. आपल्या लेंताचा नवरा बेलायोंग बिंतुलूला गॅसच्या कारखान्यात नळांच्या झडपा तपासतो. महिनाभराच्या रजेवर आलाय, आणि आल्या दिवसापासून त्याला या घरात एक वस्तू धड दिसलेली नाही. जिना वाकडा, चूल धुरकट, खुराड्याचं दार भलत्या दिशेला. (त्याचा स्वतःचा एक कल्ला दुसऱ्यापेक्षा बोटभर वर असतो, तो मात्र त्याच्या मोजपट्टीत येत नाही.)

यंदा गवाईच्या सकाळी पाहुण्यांना पहिला पेला द्यायची पाळी आपल्या दाराची. चोवीस वर्षांनी आलीय. म्हणून मी आईचा नागाच्या नक्षीचा रांजण काढला, चिकट तांदूळ शिजवून गार केला, खमिराच्या वड्या चुरून कालवल्या आणि सगळं आत भरलं. पुढचं तुला ठाऊकच आहे. आईचे दोन नियम. रांजणाच्या तोंडाला जुन्या लुंगीचा दादरा सैलसर बांधायचा, आणि आत तांदूळ बुडबुडत असेपर्यंत घरातल्यांनी आपापली तोंडं घट्ट मिटायची. भांडण नाही, टोमणा नाही, नाहीतर तुआक आंबते. मी दादऱ्याला दोरी आवळतेय तोच जावईबापू आले, फडक्याला नाक लावलं आणि म्हणाले, "आई, अहो या भोकांतून माशी काय, डुक्कर जाईल! हे झाकण आहे की मच्छरदाणी?"

मग सुरू झालं त्याचं यंत्रकाम. लोखंडी तबकडी, तिच्याखाली रबराचं कडं, रांजणाच्या मानेभोवती पट्टा आणि पट्ट्याला चार बोल्ट. साखरेचं पाणी घालण्यापुरतं एकदा ते उघडलं, की पुन्हा आवळलं. एवढ्याने भागेना म्हणून रांजण खोलीतून बाहेर सामाईक ओसरीवर नेऊन ठेवला, चोवीस दारांच्या माणसांनी बघावं म्हणून. घरप्रमुखाची बायको येऊन त्यावर टिचकी मारून गेली. "काय गं मिंदू, जावयाने तुआक केलीय की तुरुंगात टाकलीय?" मी नुसती हसले. नियम! ताई, एकोणीस दिवस मी एकालाही टाकून बोलले नाही. तू मला साठ वर्षं ओळखतेस, तेव्हा माझ्या जबड्याचं काय झालं असेल ते तुला कळेल. जो माणूस बारा महिने गॅसच्या नळांना कान लावून असतो त्याला तांदळातून गॅस निघतो हे ठाऊक नसावं, यावर मनात जे जे साठलं ते सगळं इथे लिहिलं तर टपालखातं हे पत्र घेणार नाही.

काल दुपारी बायका ओसरीवर चटया विणत होत्या, घरप्रमुख झुंजीच्या कोंबड्याला मांडीवर घेऊन चारत होता. रांजणाने आधी बारीक शीळ घातली. जावईबापू खूश होऊन म्हणाले, "बघा, वासाचा कणही बाहेर नाही!" तोच तबकडी उडाली, छताच्या पत्र्यावर आपटली आणि तांदळाचा लगदा चोवीस दारांवर समान वाटला गेला. कोंबडा चोचीपासून शेपटीपर्यंत पांढरा. तो स्वतःलाच टिपून खायला लागला आणि संध्याकाळपर्यंत त्याला दोन पायांवर उभं राहता येईना. घरप्रमुखाचा सणासाठी शिवलेला सदरा गेला तो गेलाच.

आणि आईच्या रांजणाचा काठ तळहाताएवढा फुटला. तो तुकडा हातात घेतला तेव्हा मला रडू आलं, लपवत नाही. आत उरला तो चिखल. गवाईला सहा दिवस आहेत आणि अकराव्या दारात पेलाभर तुआक नाही. अशा जावयाला लोक शिकलेला म्हणतात. तुझ्या जावयाची तब्येत कशी आहे? (त्याच्या हाती कधी पाना देऊ नकोस.)

तुझी,
मिंदू

ता. क. : तुझ्या बादलीत असेल ती तुआक सगळीच्या सगळी पाठव. पातळ असली तरी चालेल. हात धुण्याचं मत घरप्रमुखाचं होतं, माझं नव्हे. हे दार आईचं, म्हणजे तुझंही आहे.

ता. क. दुसरा : पत्र घेऊन जावईबापूच येतायत, म्हणून पाकीट गच्च चिकटवलंय. त्याला जेवू घाल. बांबूत शिजवलेली कोंबडी त्याला आवडते.

ता. क. तिसरा : पाकीट पुन्हा फोडलं. पहिल्याच दिवशी बोल्ट आवळताना त्याने मला विचारलं होतं, "आई, चालेल ना? तुम्ही म्हणाल तर आत्ता काढतो." लहानपणी मामाचा बूच ठोकलेला रांजण फुटताना आपण दोघींनी पाहिलाय. तरी मी मान डोलावली. आईचा नियम टोमण्याला होता, उत्तराला नव्हता. ओसरीभर माणसांनी त्याला एकदा हसावं, एवढंच मला हवं होतं. काल सगळे पोट धरून हसले, आणि हा फरशी पुसत प्रत्येकाला सांगत होता, "चूक माझीच, आईंनी दादराच बांधला होता." माझ्याकडे वर मान करून बघितलंसुद्धा नाही. ताई, हसू ऐकवेना मला. आता पाकिटाचा डिंक धरत नाही, म्हणून दादऱ्याची चिंधी फाडून वरून सैलसर बांधतेय. वाटेत त्याने वाचलं तर वाचू दे.