वाऱ्याकडच्या जमिनीची व्यवस्था

मी, ज्याला या बेटावर लहानथोर सगळे ‘कप्तान’ म्हणतात तो, एका लाँचचा मालक आणि तिचा चालक, आज हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत करीत आहे. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी रक्तदाब तपासून “चढलेलाच आहे, पण डोकं ठिकाणावर आहे” असा निर्वाळा दिला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आणण्याचा प्रयत्न झाला होता, त्याविषयी पुढे लिहितो. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात वाऱ्याकडची जमीन मी माझ्या एकुलत्या एका मुलीला दिली होती.

कलम पहिले. लाँच, तिचे इंजिन, दोर, नांगर आणि हत्यारांची पेटी माझ्या भाच्याला द्यावी. तो इंजिनाला हात लावण्याआधी शिव्या घालतो, पण इंजिन त्याचे ऐकते. देताना एक अट आहे. झाडे लावायला येणाऱ्या पाहुण्यांना त्याने त्याच दिवशी परत नेऊ नये.

अटीचे कारण असे. दरवर्षी शहरातल्या दोन धर्मादाय संस्था भागीदारीत इथे येतात. सोबत टोप्या घातलेली तरुण मुले असतात. एक संस्था रोपे देते, दुसरी रोपांभोवती लावायच्या लोखंडी जाळ्या. ओहोटी लागण्याआधी लाँच सुटायला हवी, म्हणून झाडे लागतात ती धक्क्याला लागूनच, मागल्या वर्षीच्याच खड्ड्यांत. खड्डे मोकळेच असतात, कारण मागल्या वर्षीचे रोप मेलेले असते. फोटो झाले की जाळ्या उपटून माझ्याच लाँचमध्ये चढवतात. “जाळ्या सगळ्या बेटांना मिळून आहेत, कप्तान,” असे जाळ्या देणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष मला समजावतात. मुले बिचारी मन लावून खणतात. हाताला फोड येईपर्यंत खणताना मी त्यांना पाहिले आहे, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण एक रात्र इथे काढून सकाळी आपणच लावलेल्या रोपाला पाणी घालायला कोणी त्यांना राहू दिले नाही. माझा भाचा राहू देईल.

कलम दुसरे. शेळ्या नर्सबाईंच्या शेजारणीला द्याव्यात. बेटाचे हवामान माझ्या शेळ्यांनी खाल्ले, असे अध्यक्ष भर सभेत म्हणाले होते. शेळ्यांनी खाल्ले हे खरे आहे. जाळी नसलेले रोप दिसल्यावर शेळीने काय मूग गिळून बसावे? या गृहस्थांना माझ्या मालमत्तेतून काहीही मिळू नये. माझ्या शोकसभेत त्यांना बोलू देऊ नये, कारण ते आवरत नाहीत.

कलम तिसरे. वाऱ्याकडची जमीन आणि तिच्यातली विहीर. बेटावरची गोड्या पाण्याची विहीर ही एवढीच. समुद्र तिथला काठ दरवर्षी खातो आहे. काठ गेला की विहिरीत खारे पाणी शिरेल आणि मग या बेटावर कोणी राहू शकणार नाही. झाडे लावायची तर तिथे लावायला हवीत, हे मी संस्थेला सांगून थकलो. तिथपर्यंत चालत गेले तर ओहोटी गाठते.

माझी मुलगी त्याच संस्थेच्या शहरातल्या कचेरीत भागीदारीचे काम पाहते. गेल्या महिन्यात ती पाहुण्यांबरोबर आली आणि धक्क्यावरचे आटोपून घरी डोकावली. हातात दानपत्र होते.

“बाबा, जमीन संस्थेच्या नावावर करा. आम्ही तिथं स्मृतिवन करू. आईचं नाव देऊ.”

“पाणी कोण घालणार?”

“त्यासाठी तिसरा भागीदार शोधतोय.”

“विहीर कुंपणात जाते. लोकांनी पाणी कुठून भरायचं?”

“परवानगी देऊ ना. रीतसर अर्ज केला की झालं.”

त्या विहिरीचा गाळ तिच्या आईने डोक्यावरून वाहिला आहे. त्या पाण्यासाठी अर्ज! धक्क्यावरून भाच्याने लाँचचा भोंगा वाजवला आणि ती चहा अर्धा टाकून गेली. मला तिचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. हीच पोर शाळेत असताना टोपी घालून धक्क्यावर झाड लावत होती, आणि ते वाळले तेव्हा जेवली नव्हती.

तरी ही जमीन विहिरीसह मी बेटावरच्या तरुण मंडळाला देत आहे. मंडळ म्हणजे बर्फाच्या कारखान्यात, मासेमारीची जाळी विणण्याच्या शेडमध्ये आणि मोबाइलच्या दुकानात काम करणारी पोरे. काम सुटल्यावर ती काठावर झाडे लावतात आणि जगवतात. ती विहिरीच्या कट्ट्यावर कर्कश गाणी लावतात, ते मला मुळीच पटत नाही. त्यांनीही संस्थेकडे भागीदारी मागितली होती. संस्थेने नोंदणी आणि मागील हिशेबांचे ऑडिट मागितले आणि हात वर केले. बर्फवाल्याची थोरली तेव्हा माझ्याकडे येऊन तणतणली, “काका, ऑडिट कुठून आणू? हवं तर झाड हलवून दाखवते, मूळ धरलंय.” नोंदणी आता वकिलांनी करून दिली आहे. जमीन विकता येणार नाही, विहिरीला कुंपण घालता येणार नाही, आणि माझ्या नावाची पाटी लावता येणार नाही.

कलम चौथे. बँकेतली ठेव काठाला दगड घालण्यासाठी वापरावी. दगड शहरातून येईल, तेव्हा भाच्याने भाडे घेऊ नये. तो कुरकुर करेल, करू द्यावी.

कलम पाचवे. राहते घर मुलीला द्यावे. वकील म्हणाले, इथेही एखादी अट घाला, म्हणजे ती येत राहील. मी नाही म्हणालो. अटीसाठी आलेली मुलगी मला नको आहे.

कलम सहावे. मी गेल्यावर हा लिफाफा फोडण्याची वाट पाहू नये. याची एक प्रत आजच्या टपालाने मुलीला पाठवावी. तिला राग येईल. यावे आणि भांडावे, मी आहे तोवर. माझे चुकत असेल तर तिने मला काठावर उभे करून दाखवावे, मी कागद बदलेन. तिची खोली झाडून ठेवली आहे.

सही: कप्तान

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या:
१. नर्सबाई, बेटावरचा दवाखाना
२. पोस्टमन (प्रत सोबत घेऊन निघाले)

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ११ मार्च